भूपेशनं उचललेले दगड

उद्या बागेत फोटो काढाले चालले म्हनता? जा. पन मोहाच्या झाडाखालच्या ढिगाऱ्यावर एक दगड ठेवल्याबिगर बंगल्याकडं पाय टाकू नका. हसून काऊन राह्यली वो निशा? भूपेशबी हसला होता. माझा सख्खा भाचा.

नागभीडच्या पलीकडं जुन्या साहेबाचा तो बंगला. छप्पर गेलं, भिंती उरल्या. बांधताना बेगारीत धरून नेलेली मानसं तिथंच मेली. त्याइच्या नावानं तो ढिगारा. येनारा-जानारा एक दगड ठेवते. तिथं बाग झाली तवा फुलांच्या वाफ्याले काठ पाहिजे होता. मिस्त्री हा भूपेश. दुरून दगड कोन आनते, म्हनून त्यानं ढिगाराच उचलला. आयतं दिसलं का मानूस अक्कल गहान ठेवते.

तीन वर्षं झाली. पोळ्याची अवस, राती साडेसात. त्याची पोट्टी जया, सहा वर्षांची, दुपारी बाबासंगं बागेत गेली न लाकडी नंदी तिथंच विसरली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोट्टे लाकडी नंदी मिरवतेत. नंदीसाठी रडून रडून बेजार. भूपेशनं तिले गाडीवर बसवलं न गेला. फाटकापाशी म्हने, "इथीच बस, जया. आलोच मी."

नंदी बंगल्याच्या पायरीवर होता. उचलला. अन् मागं आवाज आला...

टक.

दगडावर दगड.

"जया?"

टक.

त्यानं वाफे पाहिले. काठाचा एकबी दगड जाग्यावर नाई.

धावला. गाडी उभी. पोट्टी नाई.

टक... टक...

मोहाखाली उभी होती. भोवती गुडघ्यापर्यंत दगड रचलेले. रचनारं कोनी दिसे नाई.

"बाबा, हे लोक मले हालू नाई देत."

"कोन लोक?"

ती त्याच्या मागं पाहत राह्यली...

नखं तुटली, पन त्यानं दगड उपसले. तिले छातीशी धरून पळाला. मागून दगड येत होते. पाठीत बसत होते. फाटकापर्यंत.

सकाळी साऱ्या गावानं मोहाखाली ढिगारा परत रचला, पहिल्यापेक्षा मोठा. नारळ फोडला. माफी मागितली. मले वाटलं, मिटलं.

घरी आलो, तर भूपेशच्या दारात दगड रचलेले. जयाच्या गुडघ्याएवढे.

आमी ते नदीत टाकले. पुढल्या पोळ्याले परत आले, तिच्या कमरेएवढे. मागल्या पोळ्याले छातीएवढे.

काल पोळा झाला. आज पहाटे भूपेशनं दार उघडलं, जयाले दगडांच्या बाजूले उभं केलं न पाह्यलं.

गळ्याएवढे होते.