नमुन्याचं स्थळ

आशालता पाण्याचा तांब्या भरायला स्वयंपाकघरात आली आणि आतलं बोलणं एकदम बंद झालं... कमळाकरने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं, त्याच्या बायकोने, माधुरीने, उगाचच गॅस मोठा केला आणि मग उतू जाणारं दूध सावरताना तिचीच तारांबळ उडाली. या आठवड्यातली ही चौथी वेळ. आपल्या पावलांची चाहूल लागताच आपल्याच माणसांनी गप्प व्हावं, याहून मोठी विटंबना ती कोणती! आशालताने तांब्या भरला, कुणाकडे न पाहता ती माडीवरच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

खरं म्हणजे त्या लावलेल्या दारापासूनच सगळं सुरू झालं होतं.

चव्वेचाळीस वर्षांची आशालता ही पळस्प्याजवळच्या या घरातली थोरली लेक. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि धाकटा कमळाकर बारा वर्षांचा. त्याचं शिक्षण होऊ दे मग बघू, त्याचा जम बसू दे मग बघू, असं म्हणत म्हणत आलेली स्थळं तिने परत पाठवली. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा न्हावा शेव्याच्या गोदामातली कॉम्प्युटरची नोकरीही तिने सोडली आणि नऊ वर्षं त्यांची शुश्रूषा केली. आज कमळाकरचे दोन ट्रेलर बंदरात ये-जा करतात, गाव त्याला शेठ म्हणतो. ताईने लग्न का केलं नाही, हा प्रश्न मात्र शेठला कधी पडला नाही. ताई होती, तिचा डबा होता, इस्त्रीचे कपडे होते... आयत्या बिळावर नागोबा होणं माणसाला किती सोपं जातं!

वडील गेले आणि दिवस खायला उठला. तेव्हा आशालताने घरबसल्या वेबसाइट बनवण्याचं काम शिकून घेतलं. पहिलं काम पनवेलच्या एका केकवाल्या बाईचं, दुसरं एका ड्रायव्हिंग स्कूलचं. खाली मिक्सर आणि टीव्ही लागला की गिऱ्हाइकाला फोनवर काही ऐकू येत नसे, म्हणून ती दार लावून घेई. व्हिडिओ कॉल असला की केस विंचरून बरी साडी नेसे. यात वावगं ते काय? पण गच्चीवर कपडे वाळत घालताना माधुरीच्या कानावर पुरुषाचा आवाज पडला, ताईंचं हसणं पडलं, आणि संशयाने घरात पाऊल टाकलं. त्यातच महिनाभरापासून कुणी खोलीत आलं की आशालता चटकन लॅपटॉप मिटू लागली. मग काय... आगीशिवाय धूर निघत नाही, हे सांगायला माधुरीची बहीण शकू फोनवर होतीच.

लॅपटॉप मिटण्याचं कारण अगदी साधं होतं. समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट करायचं काम मंडळाच्या काशिरामभाऊंनी तिला दिलं होतं. पंचक्रोशीतल्या शेकडो मुलींचे फोटो, पत्रिका, कुणाचं जमता जमता कुठे मोडलं त्याच्या नोंदी, असं सारं मंडळाच्या वह्यांतून तिच्या हाती आलं होतं. घरातल्यांनाही दाखवणार नाही, असा शब्द तिने दिला होता. माधुरीच्या नजरेला एक फोटो पडला तर संध्याकाळच्या आत शकू तो गावभर करील, हे ती पुरतं ओळखून होती.

काम कसं दिसतंय ते बघायला मंडळाच्या पंधरा जणांनी कच्ची लिंक मागितली. तिच्यावर नमुन्याला एका तरी वधूची माहिती भरायला हवी होती. दुसऱ्याच्या लेकीचा फोटो पंधरा मोबाइलांवर कसा फिरवायचा? त्यापेक्षा आपला बरा, असं म्हणून आशालताने स्वतःचाच फोटो लावला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण... सगळे रकाने स्वतःच्या माहितीने भरले आणि वर ठळक अक्षरांत 'नमुना' लिहायचं तेवढं राहून गेलं. लोकांच्या लेकींची अब्रू जपली आणि स्वतःची चव्हाट्यावर टांगली, ती अशी.

पंधरांतल्या कुणीतरी लिंक पुढे ढकलली. ती शकूकडे गेली, शकूकडून माधुरीकडे. स्वयंपाकघरातली कुजबूज ती हीच. आशालताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या मनाने वेगळंच घेतलं होतं... आपण यांना जड झालो. म्हातारपणी हिचं करणार कोण, असंच बोलत असतील! त्या शंकेने तिला अन्न गोड लागेना.

शनिवारी सकाळी कमळाकर वर आला, तो हातात वकिलाकडचा कागद घेऊन. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर वडिलांमागे दोघा भावंडांची नावं लागली होती. बहीण आपला हक्क सोडते आहे, असं त्या कागदात लिहिलं होतं. सोमवारी पनवेलला नोंदणी करू, तोवर सही करून ठेव, असं तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. आजच हे का, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. पडद्यावर तिचाच फोटो होता.

"लगीन करायचं तं कर, ताई. आमी आडवं येनार नाय," कमळाकर म्हणाला. "पन चोरून कशाला? आनि जायच्या आधी ह्या कागदाचं तेवढं करून जा. उद्या तुझा नवरा हिस्सा मागत दारात उभा रायला, तं मी काय करू?"

अरे, हा नुसता नमुना आहे... एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ते ऐकून कमळाकरचा जीव भांड्यात पडला असता. ताई कुठे जात नाही म्हणून तो हायसं वाटून हसला असता, आणि ते हसू पाहण्याचं बळ तिच्या अंगात नव्हतं! पंचवीस वर्षांच्या मायेवर एका फोटोने पाणी फिरत असेल, तर कशाला खुलासा करायचा आणि कुणापुढे? तिने पेन घेतलं, पानापानावर सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मात्र तिने पदर तोंडात कोंबला आणि ती मूकपणे रडली.

दुपारी काशिरामभाऊ पेढे घेऊन आले. मंडळाला वेबसाइट पसंत पडली होती. कमळाकर समोर बसला होता, माधुरीने पाणी दिलं आणि ती घुटमळत राहिली. लिंकवर ताईंचा फोटो बघितला, कुठे जमलंय का, असं तिने आडून विचारलं, तेव्हा म्हाताऱ्याला हसू आवरेना.

"ह्यो नमुना हाय गो पोरी," ते म्हणाले. "मी बोललो, कुनाचापन फोटो लावा. तं तुझी नणंद म्हनते, लोकांच्या लेकी हायत त्या, माझाच लावते. आता बघ, त्या नमुन्यालाच तीन स्थळं आली! ओवे गावचे एक बिजवर मास्तर तं दोनदा फोन करून गेले. मी सांगितलं, ही वधू खरी नाय. शेठ, ताईंना सांगा, आज तेवढं काढून टाका."

कमळाकरच्या हातातला पेढा हातातच राहिला. भाऊ गेल्यावर त्याने ती लिंक पुन्हा उघडली. त्या दिवशी फोटो पाहूनच त्याचं माथं भडकलं होतं, खाली काय लिहिलंय ते त्याने वाचलंच नव्हतं. आता तो वाचत गेला. ताईची जन्मतारीख त्याला आज पहिल्यांदा कळली. भाऊ : एक, कमळाकर, मीच वाढवला. शेवटचा रकाना अपेक्षांचा होता. तिथे ताईने लिहिलं होतं : माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल, तर आधी मला विचारावं. बाकी काही नाही.

त्याच्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली.

तो माडीवर गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ताईचं दार वाजवलं. तिने उघडलं. रडून सुजलेले तिचे डोळे पाहून त्याला आत पाऊल टाकायचा धीर होईना.

"तू मना सांगितलं का नाय, ताई? नमुना हाय म्हनून?"

"तू इचारलंस कुठं?" आशालता म्हणाली. "तू कागदच घेऊन आलास."

कमळाकर उंबऱ्यातच खाली बसला. मागे जिन्यावर माधुरी पदराने डोळे टिपत उभी होती, तिला वर यायचं तोंड नव्हतं.

"आता इचारतो," तो कसाबसा म्हणाला. "तुला करायचं हाय का लगीन?"

पंचवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं... आईच्या माघारी वडिलांनीही नाही! नकार तिच्या जिभेवर तयार असायचा, दर वेळी कुणा ना कुणासाठी. आज मात्र पाहू गेली तर तो तिथे नव्हता, आणि होकारही नव्हता. तिने पुढे होऊन भावाच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याने सही केलेला कागद खिशातून काढला आणि याचं काय करू, तेही तूच सांग, असं म्हणून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला आणि सांगितलं की सोमवारी पनवेलला जायचं नाही. विचार करून नंतर काय ते ठरवीन.

"आनि काशिरामभाऊ बोलले, तो फोटो आज काढा म्हनून," कमळाकरने डोळे पुसत आठवण केली. "काढतेस ना?"

आशालताने लॅपटॉप उघडला. भाऊ समोर असूनही तिने तो मिटला नाही. पडद्यावरच्या त्या बाईकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

"भाऊंना सांग, दोन दिवस राहू दे," ती म्हणाली. "मना इचार करायचा हाय."