ओल्या चाकांच्या रेघा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण हे माझ्याच अंगणात घडलंय. अमेरिकेतल्या इंडियानात, १९०९ च्या ऑगस्टमध्ये. तेही भर दुपारी.

माझा नवरा ऑरिन आणि थोरला दीर क्लेटन घोडागाड्या बनवायचे. मग त्याच उंच चाकांच्या गाड्यांना इंजिन बसवून विकू लागले. मागणी इतकी वाढली, की क्लेटन कच्चं लाकूडच वापरू लागला. ते वाळलं की आकसतं. चाकाचे आरे खिळखिळे होतात, करकरतात.

ऑरिन भावापुढे तोंड उघडायचा नाही. गुपचूप दर शनिवारी आमची गाडी ओढ्यात उभी करायचा. भिजलं की लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात.

त्या उन्हाळ्यात ओढाच आटला.

उतारावर चाक मोडलं. ऑरिन जागीच गेला.

क्लेटनने गावभर सांगितलं, की तो प्यायला होता. दारूला कधी न शिवलेला माझा नवरा!

रविवारी क्लेटन मोडकी गाडी न्यायला आला.

"भावोजी, लाकूड कच्चं होतं, एवढंच चर्चमध्ये सांगा. दुसरं काही नको मला."

"मग गाड्या कोण घेईल? आणि मेलेल्याला काय फरक पडतो गं?"

तेवढ्यात...

करकर... करकर...

आवाज कोठारातून येत होता.

दार उघडलं. मोडकी गाडी जागेवरच होती. पण उरलेल्या चाकांतून पाणी टपकत होतं... आणि कोरड्या ओढ्याकडून दारापर्यंत दोन ओल्या रेघा आल्या होत्या.

क्लेटन पांढराफटक पडला. मला वाटलं, आता तरी कबूल करेल. कसलं काय! गाडी तिथेच टाकून पळाला, आणि गावात अवाक्षर बोलला नाही.

मग गिऱ्हाईकं सांगू लागली, की सकाळी गाडीची चाकं ओली असतात. विहिरी आटलेल्या, तरी...

त्या वर्षी एकही चाक मोडलं नाही. क्लेटन छाती फुगवून म्हणायचा, "लाकूड बघा माझं!"

मला वाटलं होतं, ऑरिन सूड घ्यायला आलाय. कसला सूड! मेल्यावरही भावाची खोट झाकत फिरतोय.

चर्चमध्ये मी अजून बेवड्याची बायकोच आहे.

ऑगस्ट कोरडा गेला, की त्या रेघा अजून दिसतात. मी दारात उभी राहते. करकर जवळ येते...

आणि न थांबता पुढे जाते.