बिनविस्तवाचं आधण

अडतीस सालचा उन्हाळा. मी डोंगरकड्याच्या शाळेत मास्तर होतो. देवीचे चांदीचे डोळे गेले आणि आळ आला गोजरबाईवर, कारण देवळात झाडलोट तीच करायची. पोलीस पाटील तातेरावांनी फर्मावलं, "उकळत्या तेलातून अंगठी काढावी. हात पोळला तर गाव सोडावं."

काय ही अक्कल! उकळत्या तेलात कुणाचा हात पोळत नाही? तिनं चोरी केली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"तेलाऐवजी विस्तवाशिवाय उकळलेल्या पाण्यातून अंगठी काढली, तर देवीचा कौल मानाल?" मी तातेरावांना विचारलं.

"व्हय. पन पानी आमी आननार."

शाळेत हवा ओढायचा पंप होता, पालथी घालायची काचेची हंडी होती. हंडीखाली वाडगं ठेवून आतली हवा काढली की दाब उतरतो आणि गार पाणीच उकळतं. हवा परत सोडली की उकळी थांबते. एवढंच.

भर दुपारी शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. वाडग्यात अंगठी आणि थर्मामीटर टाकून मी पंपाचा दांडा मारत राहिलो. बुडबुडे आले, मग पाणी खदखदलं. बायांनी हात जोडले. मला हसू आवरेना.

"चोर नसेल त्याला काही होणार नाही," मी ऐटीत म्हणालो. "हिच्यामागून मीही हात घालतो."

हवा सोडली. हंडी उचलली.

उकळी थांबली नाही.

वाडगं उघडं, पंप बाजूला, आणि पाणी खदखदतच होतं. आतल्या थर्मामीटरचा पारा मात्र हलला नव्हता. गोजरबाईला अडवावं तर माझी लबाडी उघडी पडत होती. मी गप्प बसलो. हो, बसलो गप्प.

तिनं मनगटापर्यंत हात घालून अंगठी काढली, परत आत टाकली.

"गार हाय." ती माझ्याकडंच बघून राहिली. "आता तुमी, मास्तर. काहून थांबले?"

"घाला की," तातेराव म्हणाले. "न्हाई तर हिचा बी कौल खोटा."

मी हात घातला. जीव कळवळला. अंगठी काढून ओट्यावर टाकली, मूठ आवळली, हसलो. "गारच आहे."

गोजरबाई सुटली.

घरी येऊन मी आधी पेटी उघडली. दगडाला डोळे कशाला, गाव काय करतं बघू तरी, म्हणून मीच ते काढून फडक्यात बांधून ठेवले होते. गाठ तशीच होती. फडकं रिकामं होतं.

मग मूठ उघडली. तळहातावर दोनच फोड होते, शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना निमुळते.