पाचवा भाग

आपल्या शेडमधल्या, संग्रहालयाला दिलेल्या जुन्या लेथचे चार भाग हरवले आहेत, असे निवृत्ती पांचाळने लिहून दिले होते. सोमवारी सकाळी झीजवाचकाच्या पडद्यावर पाचाचा आकडा आला.

"तुमच्याकडून एक राहिलं, पांचाळकाका," डॉ. मीनल हुक्केरी म्हणाल्या. कोल्हापूरच्या यंत्रसंग्रहालयात जुन्या यंत्रांचे हरवलेले भाग पुन्हा घडवण्याची प्रयोगशाळा त्या चालवत. "चकची चावी."

चक म्हणजे लेथचा फिरणारा जबडा. काम त्यात धरायचे, चावीने आवळायचे, चावी काढायची आणि मगच बटण दाबायचे. चावी आत राहिली तर चक फिरताच ती गोळीसारखी सुटते. दोन वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या त्याच्या शेडमध्ये ती अशीच सुटली. समोर त्याची बायको वनिता उभी होती.

"चावी म्हणजे काही लेथचा भाग नव्हे, सुटं हत्यार आहे ते," तो म्हणाला. "बाजारात कुठलीही मिळेल. सोडून द्या."

"सोडता येत नाही, काका. कुठलाही भाग एकटा झिजत नाही. ज्याला घासतो त्याला झिजवतो, आणि त्याच्याकडून झिजतो. म्हणून जो उरला त्याच्या अंगावर, जो गेला त्याचा आकार असतो. झीजवाचक तोच वाचून उलटा हिशेब करतो. चावीची झीज बाजूला काढल्याशिवाय चकची कळत नाही, आणि चकची कळल्याशिवाय गिअरची. पाचही भागांचं गणित एकदमच सुटतं."

"आणि घडवता ती चावी नवी?"

"नवी नाही. शेवटच्या दिवशी होती तशी. झीज थराथराने बसते, शेवटचा थर सगळ्यात वर."

गिअरचा दात मोडलाय हे सांगायला आमच्या आजोबांना एक कप चहा पुरायचा, असे म्हणून निवृत्तीने हसून घेतले. डॉक्टरही हसल्या. हिशेबाला तीन दिवस लागणार होते.

ते तीन दिवस त्याला जेवण गेले नाही.

त्याच्या शेडमध्ये एक रीत होती, ज्याची चावी त्याच्याच खुंटीला. वनिता डावखुरी. तिच्यासाठी त्याने स्वतः वाकड्या दांड्याची चावी घडवली होती. तो उजवा, त्याची सरळ दांड्याची. त्या दिवशी पुली चकमध्ये आवळून तो फाउंड्रीत गेला, कारण तिथून फोनवर फोन येत होते. नंतर वनिताने येऊन बटण दाबले; त्याआधी तिने पुन्हा आवळले की नाही, हे पाहायला कोणी नव्हते. तो परतला तेव्हा तिला दवाखान्यात नेले होते, आणि शेजारच्या कल्लाप्पाने खुंटीवरची, जमिनीवरची सगळी हत्यारे एका डब्यात भरून ठेवली होती. जमिनीवर कोणती चावी होती, हे कल्लाप्पाला आठवत नव्हते. तेराव्यानंतर निवृत्तीने तो डबा आत न पाहता फाउंड्रीच्या भट्टीत ओतला. वनिता चावी काढायला विसरली, असे त्याने सगळ्यांना सांगितले. पोलिसांना सांगितले, मुलीलाही सांगितले.

मुलगी गौतमी. शिरोलीला तिचे स्वतःचे मशीनशॉप होते. दारातच तिने फळा लावला होता. 'चावी हातात, मगच बटण. माझी आई विसरली, तुम्ही विसरू नका.' नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती तो मोठ्याने वाचायला लावी.

सरळ दांडा, म्हणजे त्याची स्वतःची चावी, निघाली तर? तीन दिवस त्याला दुसरे काही सुचले नाही.

गुरुवारी दुपारी धातूचे थर रचून भाग घडवणाऱ्या पेटीतून चावी निघाली. अजून गरम होती. डॉक्टरांनी ती कापडावर ठेवली.

दांडा वाकडा होता.

निवृत्ती स्टुलावर बसला. वनिताची चावी. खरेच तीच विसरली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि त्या श्वासाची त्याला लाज वाटली.

"दांड्याचा आकार लेथच्या बेडवर, खालच्या पाट्यावर, पडलेल्या खाचेवरून मिळाला," डॉक्टर सांगत होत्या. "चावी सुटताना दांडा तिथे आपटलाय. टोक मात्र चकच्या भोकावरून काढलंय. हे बघा, डावखुरा माणूस या बाजूने ओढतो. वर्षानुवर्षांची झीज तशीच आहे." त्या थांबल्या. "सगळ्यात वरचा थर सोडून. शेवटची आवळणी उजव्या हाताची आहे. तुमच्याकडे आणखी कोण कामाला होतं, काका?"

"कोणी नाही," निवृत्ती म्हणाला. "आम्ही दोघंच."

मग त्याला आठवले. फोन वाजत होता. त्याची खुंटी पलीकडच्या भिंतीला, तिची हाताशी. जी हाताला लागली ती त्याने घेतली होती.

डॉक्टरांनी चावी कापडात गुंडाळली.

शनिवारी लेथ फिरला. आवाज जुनाच होता. संध्याकाळी गौतमीचा फोन आला.

"फिरला का बाबा?"

"फिरला."

"आवाज असा का येतोय तुमचा?"

"धूळ गेली घशात," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चावी आता संग्रहालयात काचेमागे आहे. शिरोलीचा फळा अजून तसाच आहे. त्यावरची 'माझी आई विसरली' ही ओळ पुसायची राहिली आहे.