ओळखीचे नियम

कंपनीनं सारंगला पुण्याहून सिल्वासाला आणलं, ते संगणकाला सुताची पारख शिकवायला. माणसाला एखादी गोष्ट कळते ती नेमकी कशी, हे खोदून खोदून विचारायचं, त्याचे नियम बांधायचे आणि ते संगणकाच्या गळी उतरवायचे. एकोणनव्वद साली असल्या कामाचाही कुणी पगार देतं, याचंच शर्वरीला नवल वाटे.

सुताचं जमलं आणि स्वारी हवेत गेली. "मी तुला कशावरून ओळखतो, ते आता शिकवतो त्याला," तो म्हणाला. शर्वरीला आधी गंमतच वाटली. बायकोकडे इतकं निरखून बघणारा नवरा कुणाला नको असतो? हनुवटीवरचा तीळ, चपलांचा आवाज, पदर खोचायची तऱ्हा, एकेक तो टिपून नेई आणि दुसऱ्या दिवशी आणखी काही शोधी.

मग एकदा चहा हातात घेताना तो तिला "थँक्यू" म्हणाला, परक्या बाईला म्हणतात तसं. पुढं किलवणी नाक्यावर ती भाजी घेत असताना तो तिच्या समोरून सरळ निघून गेला. तिनं हाक मारली तेव्हा वळला. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ओठांतल्या ओठांत पुटपुटत बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग कुठं हसला.

धुणंभांडी करणारी चंदा मूळची शिरपूरकडची, मनात काही ठेवायची नाही. "वहिनी, साहेब मला दारात विचारत व्हते, आत कोण बाई हाये म्हणून. मस्करी करतात का काय?"

त्या दिवशी जेवताना शर्वरीनं त्याचा हात धरला. "मी कोण आहे?"

"शर्वरी."

"कशावरून?"

त्यानं सगळं ओळीनं सांगितलं. एकही चूक नाही. मग अवघडून हात सोडवून घेतला. "सगळं जुळतंय तुमचं," तो म्हणाला. "म्हणूनच भीती वाटते."

तुमचं! लग्नाला सहा वर्षं झालेली. शर्वरीनं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती कारखान्यात गेली. ते जे काही त्यानं त्या डब्यात भरलंय ते पुसून टाक, असं पाया पडून सांगणार होती. तो खोलीत नव्हता. संगणक चालू होता. तिनं भीत भीत एक बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. "शरू, एवढ्या उन्हात चालत का आलीस? पाणी पी आधी."

शरू. कितीतरी दिवसांत तिला या नावानं कुणी हाक मारली नव्हती. तिला रडू फुटलं. ती खुर्चीत बसली.

"सारंग?" तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं.

"मग दुसरं कोण?"

दार वाजलं. "बाई, कुणाला भेटायचंय आपल्याला?" मागून सारंगच्याच आवाजात कुणीतरी अदबीनं विचारलं.

पडद्यावर नवी ओळ आली. "शरू, तुझ्या मागं कोण उभं आहे?"

तिनं वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि तिनं लिहिलं, "माहीत नाही."