घाटातली तिसरी हाक

उद्या घाट उतरून पुन्हा चढायचा म्हणता ना, पोरांनो? टोप्या घेतल्या, काळे चष्मे घेतले, मोबाईल तर हातातच चिकटलेला. पाणी किती? दोघांत एक बाटली! वा रे बहाद्दर. मंग बसा इथं घटकाभर. लाईट गेली तर जाऊ द्या, ही गोष्ट अंधारातच बरी. रचलेली बिलकुल न्हाई. ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून ऐकलीय मी. धुळाजी त्याचं नाव. मेंढरं राखायचा. आपल्या धावडा गावचाच.

निजामाचं राज्य तेव्हा अखेरीला आल्तं. मिरगाच्या तोंडावर घोंगड्यांना गिऱ्हाईक असतं, म्हणून धुळाजी आणि त्याचे दाजी कचरू, दोघं घाट उतरून खानदेशातल्या बाजाराला गेल्ते. कचरू म्हणजे धुळाजीच्या धाकट्या बहिणीचा, आसराबाईचा नवरा. घरजावई म्हणून इथंच राहायचा. आसराबाई तेव्हा पोटुशी होती.

त्या काळी घाटाचे कायदे होते, आणि ते काही निजामानं केले नव्हते. वैशाखाच्या उन्हात घाटात पाय घालायचा न्हाई, दिवस बुडाल्यावर चढायचं. पागोट्यात कांदा ठेवायचा. ज्याचं पाणी त्याच्या खांद्याला. आणि रातीला कुणी नावानं हाक मारली तर पहिलीला ओ द्यायची न्हाई, दुसरीलाही न्हाई. भूत दोनदाच हाक मारतं म्हणतात. तिसरी आली म्हणजे माणूसच, खुशाल ओ द्या.

घोंगड्या बराबर खपल्या. पण बाजाराच्या गर्दीत कचरूचा पाण्याचा तुंबा फुटला. वाळल्या भोपळ्याचा तो, धक्का लागला की गेला.

"राहू द्या दाजी," धुळाजी म्हणाला, "माझा हाय ना. दोघांला पुरंल."

तुमच्यासारखंच की न्हाई?

रात वैशाखी अमावास्येची. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. अर्धा घाट चढले आणि कचरूच्या वहाणेचा अंगठा तुटला. तो खाली बसला.

"तू हो फुडं. वर लिंबाखाली थांब. मी एवढा अंगठा बांधून आलोच बघ."

धुळाजी माथ्यावर आला. लिंबाखाली बसून चिलीम भरली. तुंबा त्याच्याच खांद्याला राह्यला होता. वारा पडलेला. रातकिडे किरकिरत होते. मंग तेही गप झाले.

खालून हाक आली.

"धुळाजीऽऽ..."

आवाज दाजींचा. पण भूत काय स्वतःच्या आवाजात बोलावतं? धुळाजीनं तोंडावर हात दाबला.

बऱ्याच वेळानं...

"धुळाजी..."

बारीक. विव्हळल्यागत.

तो उठून उभा राह्यला. घामानं निथळत होता. देवा, तिसरी येऊ दे. एकच येऊ दे, पळत खाली जातो...

न्हाई आली.

मंग तो पळत सुटला तो थेट घरी. आसराबाई कंदील घेऊन ओट्यावर बसली होती.

"दादा, हे कुठं राह्यले?"

"मागून येऊन राह्यलेत."

"वाटंत हाकबिक मारली का त्यांनी?"

"...न्हाई."

उजाडलं. कचरू न्हाई. ऊन चढलं तशी आसराबाई मागं लागली, "दादा, जा ना बघायला. जल्दी जा." हा म्हणे, "खाली बाजारातच परतले असतील. असल्या उन्हात घाटात कोण पाय घालतंय?" कायदा बराबर होता. पण त्याला भीती उन्हाची नव्हती.

दिवस कलल्यावर चार माणसं गेली. वाटेच्या खालच्या अंगाला उघडा काळा कातळ, त्यावर कचरू पडला होता. पाय मोडला होता. पागोटं सोडून त्यानं तोंडावर सावली धरली होती. मुठीत कांदा, चघळून चोथा झालेला. पडून मेला नव्हता तो. उन्हानं मेला. दिवसभर जित्ता होता... आणि पाण्यानं भरलेला तुंबा धुळाजीच्या घरी खुंटीवर. तिसऱ्या हाकेपुरती ओल त्याच्या गळ्यात राह्यली नसंल.

साल उलटलं. आसराबाईचं पोर पाळण्यात. पुन्हा तीच अमावास्या. धुळाजीचा डोळा लागत नव्हता. मध्यरात सरली. गल्लीतलं कुत्रं केकाटलं, आणि एकदम गप झालं.

"धुळाजी..."

दाराबाहेर.

त्यानं दम धरला. एक झाली. आता दुसरी येईल. आली न्हाई. लई वेळ गेला. मंग त्याच्या ध्यानात आलं...

दोन तर झाल्या होत्या. मागच्या सालीच.

ही तिसरी.

"ओ, दाजी..." तो म्हणाला. रडायलाच लागला.

आतून आसराबाई आली. तिनंही ऐकलं होतं. खुंटीवरचा तुंबा काढला, रांजणातल्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरला, बूच लावलं. दार किलकिलं केलं. बाहेर न बघता तुंबा उंबऱ्यापलीकडं ठेवला. दार लावलं.

मंग आवाज.

घोट... घोट... घोट...

पाळण्यातलं पोर जागं होतं. रडलं न्हाई.

पहाटे आसराबाईनं दार उघडलं. ओटा गार, पायरी गार. तुंबा होता तिथंच. बूच तसंच घट्ट. तिनं उचलला आणि किंचाळली. आत थेंब नव्हता, आणि तुंबा तापला होता. दिवसभर कातळावर पडल्यागत.

धुळाजी माझा मामा. कचरू माझा बाप. नात्यानं सांगायला जीभ वळत न्हाई, म्हणून नावानं सांगितलं. मामा मरेस्तोवर एकाच हाकेला ओ द्यायचा, कुणाची का असंना.

आणि माझी आई... तिच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा चट्टा होता. मी लहानपणी त्यावर हात ठेवायचो. थंडीच्या रातीला सुद्धा तेवढीच जागा गरम लागायची.