गोरखचिंचेची ओली पोती

तदाला पोत्यांच्या थप्पीवर चढत होती आणि ईप्सिताने खालून तिचे पाय घट्ट धरले होते. गोदामात दुसरं कुणी नव्हतं. शेजारच्या ऑफिसात तदालाची आई व्यापाऱ्याची विनवणी करत होती.

ईप्सिताला ड्रेस्डेनला येऊन पाच महिने झाले होते. वर्गातल्या मुली तिच्याशी वाईट वागत नसत. ती तिथे आहे हेच विसरत. सुट्टी लागल्यावर आईबाबा कामावर गेले, की घरात दिवसभर चिडीचूप. मग खालच्या मजल्यावर तदाला राहायला आली, आफ्रिकेतल्या मलावीची. दोघींचं जर्मन सारखंच मोडकं होतं.

मलावीत तदालाच्या मावश्या रानातून गोरखचिंचेची फळं वेचून आणत. ती फोडून, आतला आंबट गर कांडून-चाळून पोती भरत आणि ड्रेस्डेनच्या या व्यापाऱ्याला विकत. गावातल्या चाळीस बायका यावर जगायच्या. यंदा व्यापारी म्हणाला होता, पोत्यांना बुरशी आलीय, गावातच ओला माल भरलाय, आता खरेदी बंद!

“इकडची कोरडी आहेत,” तदाला वरून म्हणाली. “भिंतीकडचीच ओली.”

ईप्सिताने भिंतीला हात लावला. गार, ओलसर. वर एक पाइप होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. ओल्या आणि कोरड्या पोत्यांवर माल भरल्याची तारीखही एकच होती.

तेवढ्यात तदालाच्या आईबरोबर व्यापारी आत आला आणि खेकसला. तदाला घाबरून खाली उतरली. शाळेत ईप्सिता कधी मोठ्याने बोललीच नव्हती.

“पाणी इथलं आहे,” ती जर्मनमध्ये कशीबशी म्हणाली. “गावचं नाही. वर बघा.”

त्याने वर पाहिलं. मग भिंतीला हात लावला.

“आल्झो... म्हणजे, चूक आमची आहे,” तो तदालाच्या आईला म्हणाला. खरेदी चालू राहणार होती.

तदालाच्या आईने तिथूनच गावाला फोन लावला. पलीकडे बायकांचा एकच गलका उठला. कुणी शोधलं, असं त्यांनी विचारलं. तदालाच्या आईने ईप्सिताला जवळ घेऊन तिचं नाव सांगितलं.

“इपिसिटा! इपिसिटा!” चाळीस बायका ओरडू लागल्या.

इतक्या महिन्यांत घराबाहेर कुणी तिला अशी हाक मारली नव्हती. नाव चुकलंय, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.